चामराजपेट, नवे ब्रेक आणि माझं व्याख्यान

बंगळूरला जाऊन आलेले लोक आधी हवेबद्दल बोलतात. हवा चांगली आहे. ऐन मे महिन्यात संध्याकाळी खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. झालं, हवा संपली. मी तिथे हवा खायला गेलो नव्हतो. तिथल्या एका मराठी मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय माझा नेहमीचाच, ‘यंत्राला हळदकुंकू कशाला?’ याच नावाचं माझं पत्रक मी सांगलीत दारोदार वाटलेलं आहे. लेथला हार, मोटारीच्या चाकाखाली लिंबू, छापखान्यात नारळ, सगळ्यांवर त्यात तुटून पडलो आहे. बंगळूर म्हणजे कारखान्यांचं शहर, आणि खंडेनवमीला तिथे सायकलीसुद्धा झेंडूत बुडवून काढतात असं ऐकलं होतं. म्हणजे माझ्यासाठी शत्रूचा किल्लाच. पत्रकांचा गठ्ठा बांधून मी निघालो.

रेल्वेबद्दल काही लिहीत नाही. बसलो आणि उतरलो. उतरल्यावर जे झालं त्याबद्दल मात्र लिहायला हवं, आणि ते लिहिताना मान वर होत नाही.

मंगळवार, चामराजपेट

मुक्काम तुंगामावशींकडे होता. त्या माझ्या आईच्या मावसबहीण, पण मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. सगळी गल्ली त्यांना तुंगक्का म्हणते. यजमान सरकारी नोकरीत. त्या आठवड्यात कामासाठी म्हैसूरला गेले होते. घरात मावशी आणि त्यांचा एकुलता मुलगा माधव.

“ये की रे. स्वल्प सरकून बस, तिथं ओल आहे,” हे मावशींचं पहिलं वाक्य. त्यांच्या मराठीत कानडी शब्द असे येऊन बसतात की त्यांना उठवावंसं वाटत नाही. आपल्याकडे पाहुण्याला “चहा घेणार का?” असं विचारतात, म्हणजे नको म्हणायची सोय असते. इथे विचारत नाहीत. पितळी पेला-वाटीत फेसाळ कॉफी समोर येते आणि ती तुम्ही प्यायची असते. जेवायला हुळी होती, म्हणजे आपली आमटीच, पण तिने गुळाशी मैत्री कमी करून चिंचेशी वाढवलेली. मी तीन वेळा भात घेतला. त्याच तोंडाने, हात धुवायच्या आधी, मी माधवला झोडायला सुरुवात केली.

कारण परसात मोटार होती. जुनी, दोन दारांची, इंग्रजी बनावटीची. आतल्या गाद्या काढून टाकलेल्या, दारांवर पांढऱ्या रंगात आकडा. माधव कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे आणि ही गाडी तो शर्यतीत पळवतो. शहराबाहेर युद्धकाळातली एक ओस पडलेली विमानांची धावपट्टी आहे, तिथे शर्यती होतात. येत्या रविवारीच एक होती.

“एसटीला टायर मिळत नाहीत,” मी म्हणालो, “आणि तुम्ही पेट्रोल जाळून गोल गोल फिरता? परकीय चलन कोणाच्या बापाचं?”

“भंगारातून उचललीय,” माधव हसत म्हणाला. “चलन माझ्या पगाराचं.”

“गोल नाही फिरत हो,” चंद्रू म्हणाला. “सरळ जातो. थांबायचंच अवघड होतं.” चंद्रू म्हणजे शेजारच्या कानडी घरातला, माधवचा जोडीदार आणि मेकॅनिक. मावशींच्या स्वयंपाकघरात लहानाचा मोठा झाल्यामुळे मराठी त्यांच्यासारखीच बोलतो.

त्याचं ते थांबण्याबद्दलचं बोलणं थट्टा नव्हती. मागच्या शर्यतीत ब्रेक तापून निकामी झाले आणि माधव धावपट्टी संपल्यावर नाचणीच्या शेतात जाऊन थांबला. तेव्हापासून मावशींची एकच अट होती: नवे ब्रेक बसवले आणि ते नीट लागतात असं त्यांना कळलं, तरच रविवार. नाहीतर गाडी विकायची. माधवने कबूल केलं होतं. शब्द मोडणारा तो नव्हे, म्हणून त्या आठवड्यात त्या घरात दुसरा विषय नव्हता.

बुधवार, परस

बुधवार हा त्या घरातल्या पुरुषांचा तेलाचा दिवस. मी नको नको म्हणत असताना मावशींनी मला परसातल्या पाटावर बसवून डोक्यावर हरळेण्णे ओतलं. हरळेण्णे म्हणजे आपलं एरंडेल, कोमट केलेलं, मधासारखं दाट. “अंगाला चोळ आणि मुरू दे. तासभर पाणी घ्यायचं नाही,” असं सांगून त्या बंब पेटवायला गेल्या. आमच्याकडे दिवाळीत बोटभर तेल लावून उरकतात. इथे मी पंचा नेसून, चकचकीत होऊन, एखाद्या तळलेल्या वड्यासारखा बसलो होतो.

कंटाळलो आणि मोटारीच्या छपरात गेलो. माधवने ब्रेकसाठी त्या दिवशी रजा काढली होती; तो आणि चंद्रू कॉफीला आत गेले होते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ब्रेकचे शू मांडले होते. शू म्हणजे अर्धचंद्रासारखा लोखंडी तुकडा. त्याच्या पाठीवर लायनिंगची खरखरीत पट्टी रिबिटांनी ठोकलेली. पाय दाबला की हे अर्धचंद्र फाकतात, चाकातल्या ड्रमला आतून घासतात आणि गाडी थांबते. लायनिंग विलायती आहे का, हे पाहायला मी एक शू उचलला. शिक्का शोधत फिरवला, बोटांनी चाचपला. पाटीसारखं लागलं हाताला. शिक्का दिसला नाही. ठेवून दिला आणि आंघोळीला गेलो. त्यापलीकडे त्याची मला आठवणही राहिली नाही.

दुपारी दोघांनी शू चढवले. ड्रमही लेथवर नव्याने घासून आणलेले होते, चांदीसारखे. चाकं चढवायच्या आधी मावशी तबक घेऊन आल्या. निरांजन, अक्षता, आणि तेलात कालवलेलं कुंकू. चारही ड्रमना बाहेरून एकेक बोट लावलं.

माझ्या अंगाची लाही झाली. “मावशी, ब्रेक विज्ञानाने लागतात,” मी ठणकावलं. “कुंकवाने लागत असते तर रेल्वेने पुरोहित भरती केले असते.”

चंद्रू हसला. मावशी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “मला ते इंजिन काही कळत नाही रे,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा त्यात बसतो, तेवढं कळतं. तेवढ्यापुरतं माझं हे.” आणि गाडीसमोर वाकून नमस्कार केला.

मी तिथेच मनात वाक्य जुळवलं, व्याख्यानासाठी.

गुरुवार, धावपट्टी

गुरुवारी माधवची साप्ताहिक सुटी. नवे ब्रेक लावून लगेच शर्यतीत उतरता येत नाही, हे मला तिथे कळलं. ते आधी ‘बसवावे’ लागतात. लायनिंग आणि ड्रम एकमेकांना अनोळखी असतात. त्यांची हळूहळू ओळख घडवायची. गाडीला वेग द्यायचा, ब्रेक मऊ हाताने, म्हणजे मऊ पायाने, दाबत वेग कमी करायचा, पण पुरतं थांबायचं नाही. सोडून द्यायचं. वाऱ्यावर ड्रम निवू द्यायचे. पुन्हा. मग थोडं जोरात. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, हँडब्रेकही ओढायचा नाही. उभी करायचीच तर चाकाला दगड लावायचा.

शेजारच्या जागेवर वजन हवं म्हणून मला बसवलं. खाली लाकडी फळी, पकडायला एक लोखंडी दांडी. शहराच्या उत्तरेला लाल माती, मधून मधून द्राक्षांचे मांडव आणि नाचणीची शेतं, आणि त्यांच्या मध्ये ही करड्या सिमेंटची लांबलचक पट्टी, फटींतून गवत वर आलेलं. एका टोकाला चंद्रू उभा राहून हातवारे करत ओरडत होता, “निधान! निधान!” म्हणजे सावकाश.

आता कबूल करायला हवं. मला मजा आली. ज्या गोष्टीविरुद्ध मी हुळीभात खाऊन भाषण ठोकलं होतं, तिच्यात बसून मी दात काढून हसत होतो. वारा कानशिलावर थपडा मारत होता आणि मी माधवला “आणखी एकदा!” म्हणत होतो. राष्ट्रीय अपव्यय वगैरे त्या वेळी माझ्या डोक्यात कुठेही नव्हता.

ब्रेक तापले तसा वास आला. जळक्या केसांचा, त्यात थोडा हिंगाचा. “हा यायलाच हवा,” माधव म्हणाला. “बसतायत.” मग जोराची पाळी आली. त्याने वेग घेतला, पट्टीच्या शेवटच्या भागात पाय दाबला आणि गाडीने डावीकडे हिसका मारला. कोणी दोर लावून ओढावी तशी. सिमेंट संपलं, गवत आलं, एक भलंमोठं वारूळ समोर आलं आणि आम्ही त्याच्या अलीकडे आडवे होऊन थांबलो. माधवचं कपाळ आरशावर आपटून फुटलं होतं. माझी दांडी माझ्या हातात होती, म्हणजे उपटून आली होती.

चंद्रू धावत आला. “उजवा पुढचा धरत नाही,” माधव रुमाल दाबत म्हणाला. “काहीतरी आत गेलंय. तेल वाटतंय.”

आणि मी, ज्याला त्या ड्रमची आतली बाजूही माहीत नव्हती, ताडकन म्हणालो, “कुंकू! तेलात कालवलं होतं!”

“बाहेरून लावलेलं आत कसं जाईल?” चंद्रू म्हणाला.

“उष्णतेने पातळ होऊन,” मी म्हणालो. हे वाक्य मी तिथल्या तिथे बनवलं. पण इतक्या ठामपणे म्हटलं की चंद्रू गप्प झाला. माधवच्या डोळ्यात कपाळावरचं रक्त ओघळत होतं. ड्रम इतके तापले होते की उघडायचा प्रश्नच नव्हता. गाडी जवळच्या एका मळ्यातल्या छपरात ठेवली आणि आम्ही बसने परत आलो.

मावशी दारात होत्या. मुलाच्या कपाळावरची पट्टी पाहून त्यांनी भिंत धरली. माधव “काही नाही आई” म्हणत होता, आणि मी त्याच्या मागून, चप्पल काढत काढत, सगळं स्पष्ट केलं. तेल, उष्णता, लायनिंग. “त्या कुंकवाने आज हा गेला असता,” असं मी त्यांना म्हणालो. याच शब्दांत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माधवकडे. “होय की रे?” एवढंच विचारलं. माधव म्हणाला, “उघडल्याशिवाय काय सांगू, आई?” त्या आत गेल्या. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांचा हात कुंकवाच्या करंड्याशी गेला आणि मागे आला. मी ते पाहिलं. मला तो माझा विजय वाटला.

शनिवार, मंडळाचं सभागृह

शुक्रवारी आणि शनिवारी माधवला कारखाना होता; रविवारची रजा त्याने त्यावरच बदलून घेतली होती. मी चिकपेटेत हिंडलो. रेशमाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत, पाठीवर ओझं घेतलेल्या हमालांच्या हाका चुकवत, एका मराठी कापडवाल्याच्या पेढीवर बसून पत्रकं वाटली. त्यांनी ती आदराने घेतली आणि त्यात कात्रणं बांधली.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. डोक्याला जरीची टोपी घातलेले म्हातारे, कचेरीतून थेट आलेले कारकून, मागच्या ओळीत बायका. मावशी मागे, खांबाशी. मी त्यांना या म्हणालो होतो.

व्याख्यान रंगलं. पण लोक जागे झाले ते शेवटी. “लांब कशाला जायचं?” मी म्हणालो. “याच शहरात, याच आठवड्यात, एका सुशिक्षित घरात मोटारीच्या नव्याकोऱ्या ब्रेकला तेलातलं कुंकू लावलं गेलं. ममतेने! आणि त्या ममतेने एका तरुणाचं कपाळ फोडलं.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? माधव पहिल्या ओळीत पट्टी बांधून बसला होता. सगळं सभागृह आधी त्याच्याकडे वळलं आणि मग मागे, खांबाकडे. हशा झाला. एक वकील, ज्यांच्याकडे मंडळाचं अध्यक्षपद आहे, ओरडून म्हणाले, “काय तुंगक्का, तुमचं कुंकू फारच पॉवरफुल की!”

पुन्हा हशा. मावशीही हसल्या. पदर तोंडावर घेऊन, जमिनीकडे बघत, हसल्या. टाळ्या पडल्या. मला हार घातला. झेंडूचा. मी तो घेतला.

रविवार, मळ्यातलं छप्पर

मावशी नेहमी शर्यतीला जायच्या, डब्यात चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, भरून. त्या दिवशी त्या आल्या नाहीत. “मी नसलेलीच बरी,” म्हणाल्या. माधव उंबऱ्यात घुटमळला, पण उशीर होत होता.

आत काही वरवर लागलेलं असलं तर पुसून उतरता येईल, या आशेने छपरात चंद्रूने उजवं पुढचं चाक काढलं. ड्रमवर बाहेरून कुंकवाचं बोट होतं तिथेच होतं, तापून तपकिरी पडलेलं, एक थेंबसुद्धा ओघळलेलं नव्हतं. माधवने ड्रम ओढून काढला आणि शू उजेडात धरला.

लायनिंग सगळीकडे एकसारखं करडं घासलं गेलं होतं. त्यावर चार काळे, काचेसारखे चकाकणारे पट्टे होते. आणि खाली एक आडवा. चार बोटं आणि अंगठा. उष्णतेने ते असे उमटले होते की कोणी ठसे घेऊन ठेवावेत.

“चंद्रू,” माधव म्हणाला, “तेलाच्या हाताने धरलंस?”

“मी?” चंद्रू उठून उभा राहिला. “आईशप्पथ नाही. कानशीने घासून, कागदावर ठेवून, हात न लावता बसवले. तूच तर होतास.” त्याचा चेहरा लाल झाला होता. माधवने शू नाकाशी नेला. “एरंडेल आहे,” तो हळूच म्हणाला.

मी बोलायला हवं होतं. आणि मी लगेच बोललो नाही. चंद्रू दुसऱ्यांदा आईची शपथ घेईपर्यंत मी मळ्याच्या विहिरीवरच्या मोटेकडे बघत राहिलो. काय विचार करत होतो? सांगतो, लाज सोडून सांगतो. बुधवारी माधवनेही तेल लावलं होतं, तेव्हा ठसे त्याचेही असू शकतील, असा विचार करत होतो.

मग म्हणालो, “माझे आहेत.”

चंद्रूने जमिनीवर थुंकून, “सरी,” म्हटलं, म्हणजे ठीक. माधवने शू परत वर्तमानपत्रात गुंडाळला. लायनिंगमध्ये मुरलेलं तेल निघत नाही. दुसरे शू नव्हते. पट्टीवरून बाकीच्या गाड्यांचे आवाज येत होते.

“घेतली असती मी अशीच,” माधव म्हणाला. “पट्टीच्या शेवटाला गिअरवर थांबवली असती. पण आईला शब्द दिलाय.” आणि नाव मागे घ्यायला निघून गेला. वर्षभराची तयारी होती. परत येताना बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि चंद्रू मुद्दाम मागे उभा राहिला, जागा असताना.

आम्ही इतक्या लवकर आलेले पाहून मावशी उठल्याच. “काय झालं?”

“काही नाही आई. शर्यत नाही केली. हा सांगेल.”

मी सांगितलं. उभ्याने सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी माधवला विचारलं, “माझं कुंकू?”

“जिथल्या तिथे होतं, आई. आत काही गेलं नव्हतं.”

त्यांनी डोळे मिटले. तीन दिवस ही बाई आपण पोटच्या मुलाला मारणार होतो असं समजून स्वयंपाक करत होती आणि मला वाढत होती, हे मला त्या क्षणी कळलं. त्याआधी कळलं नव्हतं.

मग त्या मला म्हणाल्या, “गुरुवारी तू ते ड्रम उघडून बघितलं होतंस?”

“नाही.”

“मग इतक्या लोकांत सांगितलंस ते कशावरून?”

मी पत्रकं लिहितो. मला उत्तरं सुचतात. तेव्हाही दोन-तीन सुचली. पण म्हणालो, “तुम्ही कुंकू लावता, त्यावरून.”

“सरी,” मावशी म्हणाल्या. “आता जा आणि त्या लोकांना सांगून ये. घरं माधव दाखवील.”

रविवार दुपार, घरोघर

माधव गल्लीच्या तोंडाशी उभा राहून घर दाखवायचा. आत मी एकटा जायचो. पहिल्या घरी कॉफी आली. मी सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, “अहो, असू दे. तुंगक्का मनाला लावून घेणाऱ्यांतल्या नाहीत.” दुसऱ्या घरी म्हणाले, “तुमचा विनय मोठा. मावशींना सांभाळून घेताय, समजतं आम्हाला.” मी म्हणालो, सांभाळून घेत नाही, ठसे माझे होते. ते हसले आणि आणखी कॉफी आणा म्हणाले.

अध्यक्ष वकील झोपाळ्यावर होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “तांत्रिक बाब सोडा हो,” म्हणाले, “मुद्दा तर खराच होता ना?”

त्यापुढच्या घरी व्याख्यानाला कोणी आलंच नव्हतं. तिथल्या बाईंनी मला ओळखलं नाही. मी तुंगक्कांकडून आलो म्हणताच त्यांचे डोळे चमकले. “अय्यो, तुम्हाला कळलं का? त्यांनी म्हणे मोटारीत कुंकू ओतलं. पेट्रोलच्या टाकीत! पोरगा मरता मरता वाचला.” आणि त्यांनी ती गोष्ट मला पहिल्यापासून सांगितली. ममता, कपाळ, टाळ्या, सगळं. जिथे मी थांबलो होतो बरोबर तिथे थांबत होत्या. गोष्ट मी फार चांगली सांगितली होती.

मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला. एखाद्याने ताटातली चांगली वस्तू काढून घ्यावी तसा. मी उठताना त्या म्हणाल्या, “पण थोडं तरी गेलंच असेल की हो आत.”

दिवेलागणीला घरी आलो. मावशी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“पटलं?”

“नाही. कोणालाच नाही.”

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “मग उद्या पुन्हा जा,” त्या म्हणाल्या.

परतीचं तिकीट मी दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टेशनवर जाऊन बदलून, आठवडाभर पुढचं आणलं.